अर्जापासून क्रांतीपर्यंत : परतूर 1937 ते हैदराबाद 1948

परतूर हे आज जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. 1937 साली ते हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होते. त्या वर्षी तेथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. संस्थानात ‘गश्ती नंबर 53’ लागू होती. परवानगीवाचून जाहीर सभा घेता येत नसे. राजकारणाला उघड वाट नव्हती, म्हणून ते ग्रंथालये, खासगी शाळा आणि मातृभाषेतील शिक्षणाचा आग्रह या मार्गांनी पुढे सरकत होते.

निजामाला गादीवरून उतरवा, असे तेव्हा ही मंडळी म्हणत नव्हती. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसने मागितली ती निजामाच्याच छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. म्हणजे राजा राहावा, पण कारभाराचा जाब प्रजेच्या प्रतिनिधींना विचारता यावा.

जुन्या राजेशाह्यांविरुद्धच्या क्रांत्या वाचताना मला वारंवार हेच दिसते. फ्रान्समध्ये 1789 साली लोकांनी गाऱ्हाण्यांच्या वह्या भरल्या, त्या राजाकडे पाठवण्यासाठी. राजेशाही संपली 1792 मध्ये. रशियात जानेवारी 1905 मध्ये कामगार झारच्या तसबिरी हाती धरून अर्ज द्यायला निघाले आणि गोळ्या खाऊन परतले. बारा वर्षांनी झारच उरला नाही. प्रजा आधी अर्ज करते. अर्जाला मिळणारे उत्तर गादीचे भवितव्य ठरवते.

हैदराबादेत उत्तर असे मिळाले : सप्टेंबर 1938 मध्ये, रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेते होते परतूरचे तेच अध्यक्ष, गोविंदराव नानल. अर्जदाराचा सत्याग्रही व्हायला जेमतेम दीड वर्ष लागले. बंदी उठली 1946 मध्ये. जून 1947 मध्ये मीर उस्मान अली खान यांनी स्वतंत्र राहण्याचे फर्मान काढले, तेव्हा छत्राखालची मागणी मागे पडली आणि भारतात विलीनीकरण ही एकच मागणी उरली. स्वामी रामानंद तीर्थ यांना 15 ऑगस्टलाच अटक झाली. पुढचे वर्ष शिंदीची झाडे तोडून अबकारी बुडवण्याचे, करोडगिरी नाक्यांवरील हल्ल्यांचे, सरहद्दीवरील कॅम्पांचे आणि रझाकारांच्या अत्याचारांचे होते. जालन्याचे जनार्दनमामा नागापूरकर याच लढ्यातले हुतात्मा. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून झाला. लढा हिंदू-मुसलमानांचा होता, असे म्हणणाऱ्याने हे नाव विसरू नये.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. 15 तारखेला जालना त्यांच्या ताब्यात आले, 17 ला निजामाने शरणागती जाहीर केली. 1724 पासूनचे आसफजाही राज्य पाच दिवसांत संपले. मग ही क्रांती लोकांची की लष्कराची? माझे उत्तर असे : दार उघडले रणगाड्यांनी, पण त्यामागची भिंत दहा वर्षे लोक पोखरत होते.

मराठवाड्यात जुनी माणसे काळ मोजताना ‘पोलिस अ‍ॅक्शनच्या आधी’ आणि ‘पोलिस अ‍ॅक्शननंतर’ असे म्हणत आली आहेत. भाषणांत शब्द असतो ‘मुक्तिसंग्राम’. दोन्ही शब्द खरे आहेत, कारण त्या सप्टेंबरचा अनुभव सर्वांना सारखा आला नाही. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात व तिच्यानंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. त्यांत बहुतांश मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद व नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. रझाकारांचे बळी आपण स्मारकांवर कोरले आणि ते योग्यच केले. या दुसऱ्या मृतांचे साधे स्मरणही आपल्याकडे नाही.

निजामाचे मात्र काय झाले? लुईचा शिरच्छेद झाला, झारला गोळ्या घातल्या गेल्या. निजाम 1950 मध्ये राजप्रमुख झाले आणि 1956 मध्ये राज्य पुनर्रचनेपर्यंत त्या पदावर राहिले. 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1952 मध्ये निवडणुका झाल्या. छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती हा 1938 चा अर्ज अशा रीतीने चौदा वर्षांनी जवळजवळ शब्दशः मंजूर झाला. तो वेळेवर मंजूर झाला असता तर किती माणसे वाचली असती, हा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडत नाही.