शहराची सरासरी आणि वस्तीचा हिशेब

शहराचा कारभार करायचा तर आधी शहर मोजावे लागते. माणसे किती, नळ किती, शौचालये किती, हे कळल्यावाचून पैसा कोठे खर्च करायचा हे ठरत नाही. आपल्याकडे हे काम मुख्यतः जनगणनेवर सोपविलेले आहे. पण ती दहा वर्षांनी होते, आणि २०११ नंतरची तर २०२१ साली ठरल्याप्रमाणे झालीच नाही. शिवाय हाती येते ती बहुधा शहराची किंवा प्रभागाची सरासरी. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. शाखेच्या ताळेबंदावरून एका खातेदाराची शिल्लक कळत नाही. त्यासाठी खतावणीतले त्याचेच पान उघडावे लागते. शहराचेही तसेच आहे. सरासरीत गल्लीचे दुःख बुडून जाते.

हे पान उघडण्याचे काम अमेरिकेतील काही शहरांत स्थानिक माहिती केंद्रे करतात. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात, केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात, १९८८ साली नागरी दारिद्र्याचा अभ्यास करणारे केंद्र सुरू झाले. जन्मनोंदी, घरपट्टी, न्यायालयातील जप्तीचे दावे ही माहिती निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली असते. केंद्राने ती एकत्र केली, वस्तीवार लावली आणि वस्तीत काम करणाऱ्या संस्थांनाही खुली केली. १९९० च्या दशकाच्या मध्यास सहा शहरांतील अशा संस्थांचे एक जाळेही उभे राहिले.

या कामाचा कस २००७-०८ च्या सुमारास लागला. गृहकर्जे थकली, जप्त्या आल्या, गल्लीच्या गल्ली ओस पडू लागल्या. कोणते घर दुरुस्त करावे आणि कोणते पाडावे? जप्तीचा दावा, थकलेली घरपट्टी आणि रिकामे घर या तिन्ही गोष्टी एकत्र दिसू लागल्यामुळे तुटपुंजा निधी जेथे उपयोगी पडेल तेथेच वापरण्याचा निर्णय घेता आला.

परंतु आकडा स्वभावतः गरिबाचा मित्र नसतो. त्याच देशात १९३० च्या दशकात एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगविले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर बहुधा लाल रंग चढला आणि तेथे कर्ज देणे धोक्याचे मानले गेले. म्हणजे प्रश्न केवळ मोजण्याचा नाही. कोण मोजतो आणि कशासाठी मोजतो, हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या फुटपाथवरील माणसांनी दिले. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत त्यांना स्थान नव्हते. १९८५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवरील झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार मान्य केला. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळा परिसरातील फुटपाथवासीयांना बरोबर घेऊन सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. त्यातून दिसले, की ही काल-परवा आलेली उपरी माणसे नव्हेत. पुष्कळजण वर्षानुवर्षे येथे राहून, चालत कामावर जाऊन या शहराची कामे करीत होते. पुढे १९९५ नंतरच्या पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांचाही अंतर्भाव झाला. एका मोजणीनेच हे झाले असे नाही. संघटना व चिकाटीही होती. पण ज्याची नोंदच नाही, त्याच्यासाठी योजना कशी होणार?

मात्र एकदा केलेली मोजणी लवकर जुनी होते. पासबुकात नोंदी भरत गेलो तरच ते कामाचे. म्हणून प्रत्येक शहराला कायम चालणारे माहिती केंद्र हवे, असे आम्हांस वाटते. त्याला तीन बंधने असावीत. कुटुंबाचे नाव बाहेर जाऊ नये. वस्तीचा आकडा वस्तीला प्रथम दाखवावा व चूक असल्यास दुरुस्त करावा. आणि ठराविक मुदतीने तो नव्याने तपासावा.

आपल्या वस्त्यांत शिकलेली मुले-मुली आता पुष्कळ आहेत. नळ, शौचालये, शाळा सोडलेली मुले यांची वही त्यांनीच सुरू करावी. ती वही घेऊन प्रभाग कार्यालयात गेलेल्या माणसाला ‘बघू’ म्हणून परत पाठविणे सोपे नसते.