अंधारात सायकल अडली तर?

मुलगी शिकवणीहून उशिरा, सायकल हातात धरून, काळ्याकुट्ट हातांनी घरी आली की पुष्कळ घरांतून एकच हुकूम सुटतो, "उद्यापासून शिकवणी बंद!" भगिनींनो, खरं सांगा, बिघडली ती सायकल, मग शिक्षा मुलीला का बरं? त्यापेक्षा अंधारात सायकल अडली तर काय करायचं, हे तिलाही शिकवू या आणि आपणही शिकू या.

हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावासारख्या गावी हा प्रश्न नेहमीचाच. मानव विकास कार्यक्रमातून या जिल्ह्यातल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळत आल्या आहेत. पण डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो, पंक्चरवाला दुकान आवरून घरी जातो आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर दिवे नसतात.

आधी रस्त्याच्या कडेला

सायकल अडली की पहिली गोष्ट म्हणजे डांबरी रस्ता सोडायचा. सायकलीचा डायनामो चाक फिरतं तोवरच दिवा लावतो. चाक थांबलं की दिवा गेला! म्हणजे नेमकं आपण वाकून चेन बघतो, त्या वेळी मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला आपण दिसतच नाही. म्हणून मागच्या मडगार्डला लाल चकाकती काच हवीच, आणि पिशवीत छोटी बॅटरीही हवी. मोबाइलचा दिवा चालतो, पण चार्जिंग फोन करण्यापुरतं राखून ठेवायला हवं. कडेच्या गवतात पाय टाकण्याआधी उजेड पाडून बघावं; पावसाळ्यात तर जास्तच. विंचूकाट्याची जागा ती!

चेन पडली तर

घाबरण्यासारखं यात काही नाही. सायकल स्टँडवर घ्यावी. चेन आधी मागच्या लहान चक्रावर बसवावी, मग पुढच्या मोठ्या चक्राच्या खालच्या दातांत अडकवावी आणि पायडल हळूहळू उलटं फिरवावं. चेन आपोआप जागेवर येते. बोटं दातांजवळ नेऊ नयेत. चेन उचलायला जुन्या कापडाची चिंधी किंवा काडी घ्यावी. वारंवार पडत असेल, तर ती सैल झाली आहे असं समजून मागचं चाक किंचित मागे ओढून घ्यावं लागतं. ते काम दिवसा, दुकानात.

ओढणी किंवा साडीचा काठ चेनमध्ये गेला तर ओढाओढ करू नका. उतरून पायडल उलटं फिरवलं की कापड सुटतं. मुळात ओढणी कमरेला बांधून बसावं, हे उत्तम.

पंक्चर झालं तर

आपल्याकडे बाभळीचा काटा हा सायकलीचा जुना वैरी. काटा दिसला की उपटायचा मोह होतो, तो आवरा. काटा असेपर्यंत भोक थोडंफार बुजलेलं असतं, उपटला की उरलीसुरली हवाही जाते. हवा हळूहळू जात असेल तर पंप मारून थोडं अंतर कापता येतं. टायर साफ बसलं असेल, तर मात्र सायकलवर बसू नये. आपल्या वजनानं ट्यूब रिमखाली चेपून फाटते, आणि ठिगळावर भागणारं काम नव्या ट्यूबवर जातं. सरळ उतरून चालावं. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं चालणं बरं.

ब्रेक लागत नसेल तरीही चालतच यावं. तिथे धाडस नको.

घरी सांगून ठेवा

कुठल्या रस्त्यानं येणार हे ठरलेलं असावं. थांबावं लागलं तर ओळखीचं घर किंवा उघडं दुकान कोणतं, हेही ठरवून ठेवावं. भीती वाटली तर 112 हा क्रमांक फिरवायला संकोच करू नये. आणि घरी पोचल्यावर पहिला शब्द रागाचा नसावा हं! रागाच्या धाकानंच मुली आडवाटेनं, घाईघाईनं येतात.

कॅरिअरच्या पिशवीत

छोटी बॅटरी, चिंधी, नटाच्या मापाचा पाना, सुतळी आणि जमल्यास हातपंप. हाताला लागलेलं काळं तेल खोबरेल तेल चोळून पुसावं, मग साबण लावावा, झटकन निघतं.

येत्या रविवारी अंगणात सायकल उभी करून चेन मुद्दाम पाडा आणि मुलीला बसवायला सांगा. दोनदा जमलं की अंगणातला दिवा मालवून, नुसत्या बॅटरीवर पुन्हा करू द्या. नंतर पदर खोचून तुम्हीही बसा. मंडईला जाणारी सायकल तुमचीही आहेच की!