आजारपणात सवलत स्वीकारणे हीसुद्धा इबादत

रमजानचा चाँद दिसला की पहाटे घराघरांत सहेरीची लगबग सुरू होते. ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण असतो, तिथे मात्र एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या आईने आयुष्यात एकही रोजा चुकवला नाही, तिला ‘यंदा नको’ कसे सांगायचे? काही रुग्ण मग डॉक्टरांना न सांगताच रोजा ठेवतात आणि दुपारची गोळी चुकवतात. खरा धोका या लपवण्यात आहे.

केमोथेरपीत उलट्या-जुलाबांमुळे अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. सिस्प्लॅटिनसारखे औषध मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून भरपूर पाणी पिण्यास सांगतात. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या दर चार तासांनी घ्याव्या लागतात. एक चुकली तरी वेदना उसळते. उपचार सुरू असताना ताप 100.4 अंश फॅरेनहाइटवर गेला, तर इफ्तारची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

म्हणून रमजानपूर्वीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. प्रत्येक रुग्णाला रोजा वर्ज्यच असतो असे नाही. केमोथेरपी संपून टॅमोक्सिफेनसारखी दिवसातून एकच गोळी सुरू असेल, तर ती इफ्तारनंतर घेता येईल का, हे विचारता येते. मॉर्फिनच्या साध्या गोळ्यांऐवजी बारा तास परिणाम टिकणारी गोळीही काहींना देता येते. मात्र हा बदल डॉक्टरांनीच करायचा. घरच्या घरी नव्हे. नवरात्र किंवा एकादशीचा उपवास करणाऱ्या रुग्णांनीही हे ध्यानात ठेवावे.

धर्माने इथे वाट अडवलेली नाही. कुरआनातील सूरह अल-बकराच्या 184 आणि 185 या आयतींत आजारी माणसाला रोजातून सवलत आहे. बरे झाल्यावर सुटलेले रोजे पूर्ण करावेत. बरे होण्याची आशा नसेल, तर प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवू घालावे. यालाच फिदिया म्हणतात. ही सवलत अल्लाहनेच दिलेली आहे. ती घेणाऱ्याचा ईमान कमी होत नाही.

रोजा नसला तरी रमजान असतोच. दुआ, तस्बीह आणि कुरआनचे पठण अंथरुणावरूनही होते. घरच्यांनी रुग्णाला दिवसा निःसंकोच खाऊ-पिऊ द्यावे, ‘रोजा आहे का?’ असे कोणी विचारू नये आणि संध्याकाळी दस्तरखानावर त्याची जागा राखून ठेवावी.