बोटीमागची लाट : वजन किती, वेग किती?

आजचा विषय आहे वेकसर्फिंग. अमेरिकेत, विशेषतः मिनेसोटासारख्या तलावांच्या राज्यात, उन्हाळ्यात हा खेळ जोरात चालतो. मोटरबोट बेताच्या वेगाने जात असते आणि तिच्या मागे एक जण फळीवर उभा असतो. सुरुवातीला त्याच्या हातात दोर असतो. लाट नीट पायाखाली आली की तो दोर बोटीत टाकून देतो आणि पुढे नुसत्या लाटेच्या जोरावर चालत राहतो, बोटीपासून जेमतेम तीनेक मीटरवर. समुद्र नाही, वारा नाही. मग ही लाट येते कुठून आणि हवी तशी करायची कशी, हे आज आपण बघू. ती मोठी करताना काय पणाला लागतं तेही बघू, कारण त्याचा धडा आम्ही स्वतः घेतलेला आहे.

आधी मूळ मुद्दा. बोट पाण्यावर तरंगते म्हणजे काय, तर आपल्या वजनाइतकं पाणी ती बाजूला सारते. हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकलो. बोट पुढे सरकली की मागे खड्डा राहतो. दोन्ही बाजूंचं पाणी तो भरायला धावतं, एकमेकांवर आदळतं आणि वर उचललं जातं. हीच आपली लाट. बोट जड, तर खड्डा मोठा. खड्डा मोठा, तर लाट उंच.

म्हणून या बोटींमध्ये बॅलास्ट भरतात. बॅलास्ट म्हणजे मुद्दाम घेतलेलं जादा वजन. इथे ते तलावाचंच पाणी असतं, पंपाने टाक्यांत किंवा जाड पिशव्यांत भरलेलं. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा. सहासात मीटरच्या बोटीत हजार-दीड हजार किलो पाणी सहज भरतात, काही बोटींत त्याहूनही जास्त.

आता वेग. खोल पाण्यात लाटेची लांबी आणि तिचा वेग यांचं पक्कं नातं असतं: लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बोटीच्या पाठोपाठ येणारी लाट बोटीच्याच वेगाने चालते. म्हणजे बोटीचा वेग ठरवला की लाटेची लांबीही ठरली. ताशी १६ किलोमीटरला ती साधारण साडेबारा मीटर येते आणि १९ किलोमीटरला जवळजवळ १८ मीटर. वेग पाचव्या हिश्शानेही वाढला नाही, पण लांबी चाळीस टक्क्यांनी वाढली! वेकसर्फिंग ताशी १६ ते १९ किलोमीटर याच पट्ट्यात का चालतं, तेही यातून कळतं. याहून बरंच हळू गेलं तर लाट आखूड आणि बुटकी राहते. खूप जोरात गेलं तर बोट पाण्यावर उचलली जाते, खड्डा उथळ होतो आणि लाट पसरट होते. मधल्या वेगाला बोटीची मागची बाजू खोल रुतलेली असते, नांगरासारखी. आपल्याला तीच अवस्था हवी.

थोडक्यात, वजन उंची देतं, वेग लांबी देतो. उंची भागिले लांबी म्हणजे लाटेचा चढ. चढ फारच उभा झाला की लाटेचा माथा फेसाळून कोसळतो.

आणि फळीवरचा माणूस तरी काय करत असतो? तो उतारावरून सतत खाली घसरत असतो, पण उतारच पुढे सरकत असतो. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून खाली उतरत राहावं आणि जागच्या जागी दिसावं, तसं.

आता प्रत्यक्ष जुळवाजुळव. पहिलं काम म्हणजे बाजू निवडणं. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला बोटीच्या डाव्या बाजूची लाट सोयीची, कारण तिथे त्याचं तोंड लाटेकडे राहतं. उजवा पाय पुढे असेल तर उजवी बाजू. पूर्वी ज्या बाजूला लाट हवी त्याच बाजूच्या मागच्या कोपऱ्यात वजन टाकून बोट कलती करत. हल्ली बऱ्याच बोटींना मागे हलणाऱ्या पट्ट्या असतात. डावी लाट हवी असेल तर उजवीकडची पट्टी बाहेर येते आणि तिकडचं पाणी उशिरा मिटतं. त्यामुळे डावीकडची लाट स्वच्छ राहते. अशा बोटीत वजन दोन्ही बाजूंना सारखं ठेवायचं.

मग मागची आणि पुढची वाटणी. मागे वजन वाढवलं की लाट उंच आणि उभी होते, पण आखूड. थोडं पुढे टाकलं की ती लांबते आणि ढकल मागेपर्यंत टिकते. टाकी मात्र पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी ठेवा. अर्धवट टाकीतलं पाणी वळताना एका बाजूला धावतं आणि बोटीला आणखी कलतं करतं.

सगळ्यात शेवटी वेग. ताशी १७ किलोमीटरपासून सुरुवात करा. माथा फेसाळतोय? वेग अर्ध्या किलोमीटरने वाढवा. लाट लांब आहे पण ढकलत नाही? तेवढाच कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही. आणि बोटीतली माणसं हाही बॅलास्टच आहे! दोन जण एका बाकावरून दुसऱ्यावर गेले तरी लाट बदलते.

आता आमचा धडा. आम्ही दोन कुटुंबं भाड्याची बोट घेऊन गेलो होतो. लाट लांब हवी म्हणून पुढच्या उघड्या बैठकीत पाण्याच्या दोन मोठ्या पिशव्या ठेवल्या, वर दोन मुलंही बसवली. लाट झकास आली. फळीवरचा गडी पडला, त्याला घ्यायला आम्ही घाईने वळलो आणि आमचीच लाट समोरून आली. पुढचं टोक आधीच खाली होतं. पाणी सरळ आत! क्षणात घोट्यापर्यंत. मुलांच्या अंगात जीवरक्षक जाकिटं होती, पंप चालू होता, म्हणून निभावलं. चूक सर्वस्वी आमची होती. बोटीच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त वजनाचा आकडा दिलेला होता. पिशव्या आणि माणसं मिळून किती होतात ते आम्ही मोजलंच नव्हतं. तेव्हापासून बेरीज आधी, पंप नंतर. आणि कोणी पडलं की वेग सावकाश कमी करायचा, सावकाश वळायचं.

किनाऱ्याचाही विचार हवा. लाटेची उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते आणि ती किनाऱ्यावर जाऊन आपटते. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात असं दिसलं की, साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी उरते, तेवढी कमी व्हायला वेकसर्फच्या लाटेला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं. व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये नियमच केला: किनाऱ्यापासून किमान ५०० फूट दूर आणि पाणी किमान २० फूट खोल. शिवाय टाकीतल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांची पिल्लं एका तलावातून दुसऱ्यात जातात. म्हणून निघण्यापूर्वी टाक्या रिकाम्या करणं हे कर्तव्यच.

श्रोत्यांचा प्रश्न : आपल्याकडे धरणाच्या जलाशयात साध्या आउटबोर्ड बोटीमागे हे करता येईल का?

नाही, कधीच नाही. आउटबोर्डचा पंखा बोटीच्या मागे उघडा असतो आणि सर्फ करणारा त्याच्यापासून दोनतीन मीटरवर. पडून लाटेसोबत पुढे ओढला गेला तर? वेकसर्फच्या बोटींत पंखा तळाखाली, बराच पुढे असतो. तरीही इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणी बसायचं नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच घुटमळतो. त्याला ना रंग, ना वास.

तेव्हा लाट जरूर मोठी करा, पण बेरीज करून.