धावरे का धावते?

भातलावणीचे दिवस सुरू झाले की माझ्या दवाखान्यात पायांची दुखणी वाढतात. दिवसभर चिखलात उभे राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, भेगा पडतात, खाज सुटते. बहुतेकजण तिकडे लक्ष देत नाहीत. 'चिखल्याच आहेत, पाऊस सरला की जातील,' असे म्हणून काम चालू राहते.

मागे एका पावसाळ्यात साठीतले एक शेतकरी असेच आले. दोघांनी धरून आणले होते. आदल्या संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला होता आणि सकाळी पाहतात तो घोट्यापासून अर्ध्या पोटरीपर्यंत पाय लालबुंद, गरम आणि सुजून तुकतुकीत झालेला. घरच्यांनी गेरूचा लेप लावला होता. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, सकाळी एवढं नव्हतं. बघता बघता वर चढलं. धावरंच ना हे?"

बाईंचे निदान बरोबर होते. मी बॉलपेनने लाल भागाच्या कडेने रेघ ओढली आणि औषध सुरू केले. तेव्हा त्यांच्या मुलाने विचारले, "गळू एका जागी राहतं, मग हे का पळतं?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर आपल्या शरीरातल्या एका दुर्लक्षित पदार्थात आहे. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे हे आपण शाळेत शिकतो. पण कातडीखाली पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये बरीच जागा असते. त्या जागेत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे चिवट तंतू असतात आणि तंतूंच्या मधली पोकळी एका पारदर्शक, बुळबुळीत पदार्थाने भरलेली असते. त्याला आधारद्रव्य म्हणतात.

इसबगोल पाण्यात भिजत घातला तर चमचाभर भुशीचा पेलाभर लगदा होतो. भुशीतल्या साखरेच्या लांब साखळ्या पाणी धरून ठेवतात. आधारद्रव्याचेही तसेच आहे. त्यातली सर्वांत लांब साखळी हायल्युरोनिक आम्लाची. दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक, अशा हजारो जोड्या गुंफून ती तयार होते. न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी 1934 साली गाईच्या डोळ्यातील द्रवातून ती प्रथम वेगळी केली. हिच्या जोडीला बाटली धुण्याच्या ब्रशासारखे दिसणारे रेणू असतात. मधला दांडा प्रथिनाचा आणि केस शर्करांचे. या केसांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते सोडियम आणि त्याबरोबर पाणी ओढून घेतात.

या लगद्याची कामे अनेक आहेत. रक्तातून निघालेला प्राणवायू आणि अन्नरस यातूनच झिरपत पेशीपर्यंत पोचतो. पाणी यात अडकून राहते, म्हणून आपण उभे राहिलो तरी ते सगळे पायांत उतरत नाही. पायाला सूज येते तेव्हा या लगद्याच्या पेलण्यापलीकडे पाणी साठलेले असते. अंगठा दाबला की ते मोकळे पाणी बाजूला सरकते आणि खळगा उरतो. आणि आजच्या विषयाचे काम म्हणजे राखणदारी. बारीक रेणू यातून जातात, पण जंतूंसारख्या मोठ्या पाहुण्यांना तो दाट लगदा सहज वाट देत नाही.

मग धावऱ्याचे जंतू पुढे कसे जातात? हे जंतू बहुधा स्ट्रेप्टोकॉकस जातीचे असतात. त्यांतील अनेक जंतू हायल्युरोनिडेज नावाचे विकर सोडतात. हे विकर त्या लांब साखळ्यांचे तुकडे करते. लगदा पातळ होतो आणि वाट मोकळी होते. धावरे पसरण्याचे हे एकमेव कारण नसले, तरी एक कारण नक्की आहे. याउलट गळवाचे जंतू रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे कुंपण स्वतःभोवती घालून घेतात, म्हणून गळू एका जागी पिकते.

याचा शोधही गमतीचा आहे. मूळचे स्पेनचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस्को द्युरान-रेनाल्स यांना 1928 साली आढळले, की देवीच्या लसीतील विषाणू वृषणाच्या अर्काबरोबर सशाच्या कातडीत टोचला तर तो फार दूरवर पसरतो. अर्कातला हा 'पसरवणारा घटक' म्हणजे हायल्युरोनिडेजच, हे 1940 मध्ये अर्न्स्ट चेन आणि त्यांचे सहकारी डथी यांनी दाखवले. हेच चेन पुढे पेनिसिलिनच्या कामासाठी 1945 च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी झाले आणि धावऱ्यावर आजही पेनिसिलिनच्या कुळातली औषधे उत्तम चालतात. हेच विकर सापाच्या विषात असते आणि विष पसरायला मदत करते. डॉक्टरही त्याचा चांगला उपयोग करतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी भूल लवकर पसरावी म्हणून ते भुलीच्या इंजेक्शनात मिसळतात.

आता आपण काय करायचे ते पाहू. अंगावर कुठेही लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला आणि तो वाढतो आहे असे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लेप लावून वाट पाहू नये. त्या जागी शेक देणे, चोळणे किंवा स्वतः चिरा देणे टाळावे. पाय उशीवर उंच ठेवून पडून राहावे. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी लाली थोडी पुढे गेली तरी घाबरू नये, मात्र डॉक्टरांना कळवावे. बरे वाटले तरी औषधाचा पूर्ण क्रम घ्यावा. वेदना असह्य असतील, कातडीवर फोड आले, ती काळी-निळी पडू लागली किंवा रोगी गुंगीत जाऊ लागला, तर क्षणाचाही विलंब न करता मोठे रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्तींनी आणि ज्यांचा पाय कायम सुजलेला असतो त्यांनी विशेष जपावे. धावरे पुन्हा पुन्हा झाले तर लसीकावाहिन्या बिघडतात आणि सूज कायमची राहते.

आमच्या शेतकऱ्यांच्या पायाची लाली त्या संध्याकाळी माझ्या रेघेच्या दोन बोटे पुढे गेली होती. तिसऱ्या दिवशी ती रेघेच्या आत आली. घरी जाताना ते म्हणाले, "एवढ्याशा चिखल्यांनी केवढं झालं!"

जंतू आत शिरले होते ते त्या भेगांतूनच. म्हणून रोज संध्याकाळी शेतातून आल्यावर पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने पुसा आणि चिखल्या झाल्या असतील तर डॉक्टरांकडून बुरशीवरचे मलम घ्या. दार बंद ठेवले तर आतल्या राखणदारावर झुंजण्याची वेळच येणार नाही.