दोन रजिस्टरांत नाव असलेला कायरॉन

ते रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. जांभळं आकाश, मागे संथ संगीत आणि एक आवाज विचारतो, 'तुमच्या कुंडलीत कायरॉन कुठल्या घरात आहे?' मग तोच सांगतो, तिथंच तुमची जखम आहे आणि ती आयुष्यभर पुरते. कबनूरच्या माझ्या एका मैत्रिणीनं ऐन परीक्षेच्या आठवड्यात हे बघितलं. तिचा कायरॉन म्हणे शिक्षणाच्या घरात निघाला. "म्हणजे माझं शिक्षणाचं काही खरं नाही," ती हसत म्हणाली. दोन दिवसांनी पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा मात्र हसत नव्हती.

म्हणून म्हटलं, या कायरॉनची एकदा नीट ओळख करून घेऊ.

कायरॉन हा साधारण २०० किलोमीटर रुंदीचा बर्फ आणि खडकाचा गोळा आहे. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला जवळपास ५० वर्षं लागतात आणि त्यातला बहुतेक काळ तो शनी आणि युरेनसच्या मधल्या पट्ट्यात असतो. चार्ल्स कोवाल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाला तो सापडला १ नोव्हेंबर १९७७ रोजी. पालोमार वेधशाळेत आधीच्या महिन्यात काढलेल्या फोटोंच्या काचा एकामागून एक बघताना एक ठिपका जागा बदलताना दिसला. तारे जागचे हलत नव्हते, हा हलत होता. वर्तमानपत्रांनी लगेच 'दहावा ग्रह' करून टाकलं. शास्त्रज्ञांनी लघुग्रहांच्या यादीत २०६० क्रमांक दिला.

आता जखमेचं. ग्रीक पुराणात कायरॉन हा अर्धा माणूस, अर्धा घोडा. तो वैद्यकी शिकवणारा गुरू, पण त्याची स्वतःची जखम बरी होत नाही. रीलमधली जखम आली ती इथून, या नावातून. कोवालनं दुसरं एखादं नाव ठेवलं असतं, तर तुमच्या कुंडलीत आज दुसरंच काहीतरी निघालं असतं!

खरी गंमत पुढं आहे. लघुग्रह म्हणून नोंद झाली म्हणून लोकांनी त्याच्याकडे बघायचं थांबवलं नाही. १९८८ मध्ये लक्षात आलं, की हा हिशेबापेक्षा जास्त चमकतोय. १९८९ मध्ये त्याच्याभोवती वायू आणि धुळीचा धूसर पदर दिसला. असा पदर लघुग्रहाला नसतो, धूमकेतूला असतो. पण इतक्या लांब, इतक्या थंडीत पाण्याचा बर्फ तर दगडासारखा घट्ट राहतो. मग वाफ कशाची होते? कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड असे पदार्थ तिथल्या गारठ्यातही बर्फातून थेट वायू होऊ शकतात. अलीकडे जेम्स वेब दुर्बिणीला कायरॉनभोवती कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन वायू सापडलेही.

मग यादीचं काय केलं? लघुग्रहांतून नाव खोडलं नाही. धूमकेतूंच्या यादीतही ९५पी म्हणून घातलं. आज कायरॉन दोन्हीकडे आहे. असे आणखी बरेच गोळे पुढं सापडले. त्यांना त्याच अर्ध्या माणसा-घोड्यावरून 'सेंटॉर' म्हणतात.

कबनूरच्या पोरांना यात नवल वाटू नये. इचलकरंजीकडून येताना शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं, हे रस्त्यावरून कळत नाही. मागांची खटखट दोन्हीकडे सारखीच. २०११ च्या जनगणनेनं कबनूरला शहरात मोजलं. वस्तीची दाटी शहराची, रोजगार शेतीबाहेरचा. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. एका कागदावर शहर, दुसऱ्यावर गाव. म्हणून कुणाची रात्रपाळी चुकली नाही.

नाव चुकतं, पण नीट केलेली नोंद वाया जात नाही. याचा भारी दाखला आपल्याच देशात आहे आणि तोही १९७७ चाच. १० मार्चला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी त्या ताऱ्याचा उजेड मोजला. समोरच्या गच्चीवर दिवा आहे असं समजा. दिव्यासमोरून माणूस गेला की अंधार होतो, पण त्याच्या आधी दोरीवरची ओढणी हलून आडवी आली तर क्षणभर उजेड मंदावतो. तसंच झालं. तारा काही सेकंद मंद झाला. त्यांना वाटलं, हा नवा उपग्रह. प्रत्यक्षात ते युरेनसचं कडं होतं. लावलेलं नाव चुकलं, पण आकडे खरे होते आणि ते कामाला आले.

हीच युक्ती कायरॉनवरही चालली. १० सप्टेंबर २०२३ रोजी तो एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा ब्राझीलमधून मोजमाप झालं. २०२५ मध्ये निष्कर्ष आला, की कायरॉनच्या केंद्रापासून सुमारे २७३, ३२५ आणि ४३८ किलोमीटरवर तीन कडी आहेत. आधीच्या नोंदींशी ताडून बघितलं, तर हा पसारा बदलतोय असंही दिसलं. म्हणजे काम अजून चालूच आहे.

आणि कुंडली? तिचीही परीक्षा झालीय. जयंत नारळीकर, ज्यांचा जन्म १९३८ साली आपल्या कोल्हापुरात झाला, त्यांनी २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत ती घेतली. हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांच्या प्रत्येकी १०० कुंडल्या जमवल्या. त्यातल्या ४०-४० ज्योतिषांना दिल्या आणि प्रत्येक कुंडली कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० च्या आसपास आले असते. यात आपल्याकडचं पारंपरिक ज्योतिष तपासलं होतं, कायरॉन त्यात नव्हताच. पण 'शिक्षणाचं घर' बघून कुणाचं शिक्षण सांगता येतं का, हा प्रश्न मात्र तोच होता.

कायरॉन कबनूरच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, त्याला मोठी दुर्बीण लागते. पण कोवालनं केलं ते काम तुम्ही लॅपटॉपवर करू शकता. 'इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन' या उपक्रमात विद्यार्थ्यांच्या गटांना दुर्बिणीतले खरे फोटो मोफत मिळतात. तेच आकाश, थोड्या थोड्या वेळानं टिपलेलं. त्यात हलणारा ठिपका शोधायचा, मोजायचा, कळवायचा. सायन्सलाच असायला हवं असं नाही. चिकाटी हवी.

हे सगळं मैत्रिणीला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "मग तो नक्की कोण? लघुग्रह का धूमकेतू?"

म्हटलं, "अजून बघायलेत."

"मग माझंबी अजून बघू देत की," म्हणाली आणि फोन उपडा ठेवून पुस्तक उघडलं.