दोन सीटांची गाडी आणि तिसरा माणूस

दोन सीटांच्या गाडीबद्दल प्रश्न पडतो तो घरात तिसरा माणूस आल्यावर. ऐन पंचविशीत हौसेनं घेतलेली बुटकी, टप उघडणारी, गिअर टाकताना मनगटाला सुख देणारी गाडी तोवर दारात निवांत उभी असते. मग बाळ होतं, किंवा आई-वडील सहा महिने राहायला येतात, किंवा पाठ कुरकुरू लागते आणि जमिनीलगतच्या सीटवरून उठताना दाराचा आधार घ्यावा लागतो. घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आता पुरे झाली हौस, चार माणसं बसतील असं काहीतरी बघा. दुसरा म्हणतो, हौसेला मोल नसतं. पैसा की प्रेम, अशी वादाची मांडणी होते आणि माझ्या मते ती मांडणीच फसवी आहे. पैशाचा हिशेब लोकांना वाटतो तेवढा सरळ एका बाजूला झुकत नाही, आणि प्रेमाचा हिशेब करायला घेतला की माणूस स्वतःलाच गंडवतो. त्यापेक्षा विचारावं ते असं: गाडी विकली आणि पाच वर्षांनी पस्तावलो, तर ती परत मिळेल का? आणि ठेवली आणि पस्तावलो, तर त्या चुकीची किंमत कोण भरणार?

या प्रश्नाला गाडीगणिक वेगळं उत्तर मिळतं. उदाहरणासाठी माझ्दा एमएक्स-5 पाहू. अमेरिकेत ती मियाटा या नावानं ओळखली जाते. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. 1.6 लिटरचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वजन हजार किलोच्या आत, हातानं दुमडायचा टप आणि 14 हजार डॉलरच्या आतली किंमत. 1960 च्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टरची मजा द्यायची, पण त्यांची तेलगळती आणि विजेचे घोळ टाळायचे, हा त्यामागचा विचार होता. तो इतका जमला की एप्रिल 2016 मध्ये हिरोशिमाच्या कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली आणि गिनेस बुकात सर्वाधिक विकली गेलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून तिची नोंद झाली. आता तिची चौथी पिढी बाजारात आहे. पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी कंपनीनं 2017 मध्ये जपानमध्ये जीर्णोद्धाराची सेवा जाहीर केली आणि टप, लाकडी स्टिअरिंग, अगदी जुन्या मापाचे टायरसुद्धा पुन्हा बनवून घेतले. म्हणजे आज ही गाडी विकणाऱ्याला दहा वर्षांनी तशीच गाडी शोधायची झाली, तर बाजारात ती असणार आणि तिचे भागही असणार. विकणं इथे उलटवता येतं.

होंडाच्या एस2000 ची गोष्ट निराळी. 1999 ते 2009 या काळात ती जेमतेम 1 लाख 10 हजार बनली. सुरुवातीचं दोन लिटरचं इंजिन टर्बोशिवाय 240 अश्वशक्ती द्यायचं आणि मिनिटाला 9,000 फेऱ्यांपर्यंत ओरडत जायचं. कंपनीनं तिला वारस दिला नाही. तसं इंजिन आता कुणी बनवणारही नाही. पोर्शच्या हवेनं थंड होणाऱ्या 911 गाड्या 1998 च्या सुमारास संपल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत ज्यांनी त्या 'जुनी गाडी' म्हणून देऊन टाकल्या, त्यांतल्या बहुतेकांना आजच्या भावात त्या परत घेणं परवडणार नाही. या दोन्ही गाड्यांना 'विकू आणि पोरं मोठी झाली की पुन्हा घेऊ' हा दिलासा लागू होत नाही. एकाच उंचीच्या, एकाच आकाराच्या, एकाच प्रेमाच्या दोन गाड्यांना दोन उलटे सल्ले द्यावे लागतात ते यामुळेच.

महाराष्ट्रात हा फरक आणखी टोकदार होतो. एमएक्स-5 भारतात कंपनीनं अधिकृतपणे कधी विकलीच नाही आणि आयात गाड्यांवरचे कर ऐकून बहुतेकांची हौस तिथेच विरते. आपल्याकडे जिव्हाळ्याच्या गाड्या दिसायला साध्या हॅचबॅक असतात. रांजणगावला बनलेली फियाटची अबार्थ पुंतो घ्या. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये दहा लाखांच्या किंचित आत तिनं 145 अश्वशक्तीचं टर्बो इंजिन दिलं, तेव्हा त्या किमतीत तसं दुसरं काही नव्हतं. पुढे फियाट हे नावच भारताच्या बाजारातून गेलं. फोक्सवॅगनची चाकणला बनणारी पोलो 2022 मध्ये बंद झाली. सात गिअरची स्वयंचलित पेटी असलेली तिची जीटी टीएसआय आजही गाडीवेडे शोधत असतात. या गाड्यांना पाच सीटा आहेत, डिकी आहे, त्यामुळे अडचण जागेची कमी आणि सुट्या भागांची जास्त. अशा मालकाला घरचे जेव्हा सांगतात की उंच एसयूव्ही घे, तेव्हा 'व्यवहारी' हा शब्द बऱ्याचदा 'नवी' या अर्थानं वापरलेला असतो. तो सल्ला मी मुकाट्यानं मानणार नाही.

आता पैसा. जुनी स्पोर्ट्स कार विकून व्यवहारी गाडी घेतली की खर्च वाचतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. कधी वाचतो, पण अनेकदा उलटंच होतं. नव्या गाडीची किंमत सर्वात वेगानं घसरते ती पहिल्या काही वर्षांत; दहा वर्षांच्या गाडीनं ती घसरण केव्हाच सोसलेली असते. ती देऊन नवी घेणारा माणूस त्या घसरगुंडीच्या वरच्या टोकाला पुन्हा जाऊन बसतो. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीवर 11 टक्के एकरकमी वाहन कर लागतो, आणि जुन्या गाडीसाठी भरलेला कर नव्या गाडीत वळता होत नाही. वर हप्ता. वर पूर्ण विमा. नव्या गाडीचं मायलेज लिटरमागे चार-पाच किलोमीटर जास्त असलं, तरी वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्याच्या वाचलेल्या पेट्रोलनं दोन-तीन हप्तेसुद्धा निघत नाहीत. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून विकत असाल, तर आधी कागद-पेन्सिल घ्या. शोरूमवाल्याचा एक्स्चेंज बोनस त्यात मुळीच धरू नका, कारण तो बहुतेक वेळा जुन्या गाडीच्या पाडलेल्या भावातूनच निघालेला असतो.

हाच काटेकोरपणा दुसऱ्या पक्षालाही लावायला हवा. आपल्या ताब्यातली वस्तू आपल्याला बाजारापेक्षा मौल्यवान वाटते, हे डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 च्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिलं. त्यांनी विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि त्यांच्यात व विनामगवाल्यांत बाजार भरवला. मग हाती असलेल्यांनी मागितलेला भाव हा घेणाऱ्यांच्या भावाच्या साधारण दुप्पट निघाला. आणि ते मग तर त्यांच्याकडे नुकतेच आले होते. आठ वर्षं हातानं धुतलेल्या गाडीचं काय होत असेल? त्यात बदललेला एक्झॉस्ट, मोठी अलॉय चाकं, खाली आणलेलं सस्पेन्शन. हा खर्च विकताना जवळपास परत मिळतच नाही, उलट काही गिऱ्हाइकं त्यामुळे बिचकतात. म्हणून स्वतःला उलटा प्रश्न विचारून पाहावा: आज ही गाडी माझ्याकडे नसती आणि बाजारभावाएवढी रोकड हातात असती, तर मी हीच घेतली असती का? उत्तर ठाम 'हो' असेल तर आपण गाडीवर प्रेम करतो. उत्तर द्यायला अडखळलो, तर आपण ताब्यावर प्रेम करतो.

इथवरचं वाचून कुणाला वाटेल की हा गाडी ठेवण्याच्या बाजूचा युक्तिवाद आहे. तसं नाही, कारण एक गोष्ट या सगळ्या हिशेबाच्या बाहेर आहे: घरातली ती एकमेव गाडी असेल आणि तिला दोनच सीटा असतील, तर मूल आल्यावर प्रश्न मिटतो. लहान बाळाचं मागे तोंड करून बसवायचं आसन पुढच्या सीटवर, समोर चालू एअरबॅग असताना, कधीही लावायचं नसतं. ती एअरबॅग फुगते ती थेट बाळाच्या डोक्यामागे आसनाच्या पाठीवर आदळते. दोन आसनी गाडीत मागची सीट नाहीच. एमएक्स-5 च्या काही पिढ्यांत सहप्रवाशाची एअरबॅग बंद करण्याची सोय होती हे खरं, पण मग आई, वडील आणि बाळ एकाच वेळी दवाखान्यात कसे जाणार? आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब नुसार 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाल-आसनाशिवाय नेल्यास हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम मामुली आहे, आपटल्यावरची गोष्ट मामुली नाही. मांडीवर बाळ घेऊन बसणं म्हणजे ममता, असं मानणाऱ्या आपल्या समाजात हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ठेवण्याची चूक इथे मालक भरत नाही, मांडीवरचं पोर भरतं. विकण्याची चूक फार तर मालकाच्या खिशातून आणि मनातून जाते. एवढा फरक दिसत असताना एस2000 असली तरी विकावी, आणि मागे वळून पाहू नये.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: मोठी गाडी रोज कुठे लागते? वर्षातून चार वेळा गावी जायला लागते, तेव्हा भाड्यानं घ्यावी. मुद्दा बरोबर आहे. लोक गाडी घेतात ती गणपतीला कोकणात जायच्या दिवसासाठी आणि चालवतात ती एकट्यानं ऑफिसला. सातही सीटा उघडल्यावर एर्टिगाची डिकी 209 लिटरची उरते. एमएक्स-5 ची 130 लिटरच्या आसपास आहे. म्हणजे सगळं कुटुंब भरून गावी जाताना सामान दोन्हीकडे पायांतच येतं. अशा मोजक्या दिवसांसाठी चालकासह गाडी ठरवणं स्वस्त पडतं. पण हा युक्तिवाद अधूनमधूनच्या गरजेला लागू होतो, रोजच्या गरजेला नाही. सकाळी सातची शाळा, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे सासरे, ही गरज भाड्यानं भागत नाही. न्यू जर्सी किंवा टेक्साससारख्या ठिकाणी, जिथे दूध आणायलाही गाडी लागते, तिथे व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेल्या आई-बाबांना दोन सीटांच्या गाडीतून आळीपाळीनं फिरवणारा मुलगा हौशी नसतो, हट्टी असतो. म्हणून मोजायचं ते वर्षातलं सर्वात गर्दीचं एकच टोक नव्हे, साधा मंगळवार मोजायचा. त्या मंगळवारी गाडीत किती माणसं बसतात?

दुसरा आक्षेप गोड आहे: दोन्ही ठेवा. ज्यांच्याकडे जागा आणि पैसा आहे त्यांना सल्ल्याची गरज नाही. बाकीच्यांनी उभ्या गाडीचा खर्च ओळखून असावं. गाडी रस्त्यावर आली काय नि न आली काय, थर्ड पार्टी विमा भरावाच लागतो. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार हजार ते पंधराशे सीसीला वर्षाला 3,416 रुपये, पंधराशेच्या वर थेट 7,897. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, पण एका वेळी तो एकाच गाडीला लावता येतो. टायर न झिजताही कडक होतात. बॅटरी उतरते. ब्रेकचं तेल ओलावा ओढतं, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलही तेच करतं, म्हणून महिनोन् महिने टाकीत तसंच ठेवलेलं इंधन जुन्या गाडीला चांगलं नाही. पंधरा वर्षं पूर्ण झाली की आरटीओत पुन्हा नोंदणी, तपासणी, हरित कर. तरीही, गाडी पुन्हा न मिळणारी असेल आणि घरात व्यवहारी गाडी आधीच असेल, तर हा खर्च मला उधळपट्टी वाटत नाही. महिन्यातून दोन रविवार ती खरोखर बाहेर निघणार असेल, एवढीच अट. चादरीखाली उभी राहून कुजणारी गाडी जपणं ही हौस नाही, टाळाटाळ आहे.

आणि मधला रस्ता? तो आहे, पण आपल्याकडे अरुंद आहे. रोजच्या गाडीत गंमत घालायची कल्पना फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआयच्या रूपानं 1975 मध्ये फ्रँकफर्टला मांडली. सुरुवातीला पाचेक हजार गाड्या विकल्या जातील असा अंदाज होता, नंतर तिच्या लाखांनी गाड्या खपल्या. युरोप-अमेरिकेत दोन सीटांची गाडी सोडणाऱ्याला अशा गाड्यांत समाधान शोधता येतं. भारतात तीच जीटीआय 2025 मध्ये पूर्ण आयात होऊन पन्नास लाखांच्या वर किमतीला आली, म्हणजे मधला रस्ता बंगल्यावाल्यांसाठीच. आपल्याकडे त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या खाली, मॅन्युअल गिअरची टर्बो सेडान किंवा हॅचबॅक, एवढ्यावरच भागवावं लागतं, आणि खरं सांगायचं तर रस्त्यावरच्या खड्ड्यांचा विचार करता ते फार वाईटही नाही.

विकायचं ठरलंच तर घाई करू नये. शोरूमवाला अशा गाडीला मॉडेल आणि वर्ष पाहून भाव देतो. तिच्या सर्व्हिसची फाइल, मूळ रंग, कंपनीची मूळ चाकं याला त्याच्या लेखी काही किंमत नसते. हीच फाइल वाचून जास्त पैसे मोजणारा गाडीवेडा माणूस सापडायला दोन-तीन महिने लागले तरी चालतील. बदललेले भाग काढून मूळ भाग परत बसवावेत आणि काढलेले वेगळे विकावेत. नो क्लेम बोनसचं पत्र विमा कंपनीकडून मागून घ्यावं, ते पुढच्या गाडीला लागतं. कर्ज असेल तर बँकेची ना हरकत आणि फॉर्म 35. खाजगी व्यवहारात फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय किल्ली देऊ नये. आरसीवरचं नाव बदललं की नाही हे स्वतः पाहावं. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असली तरी अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकाकडूनच मागितली जाते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. वेगात चालवायच्या मोहानंच घेतली जाणारी गाडी असेल, तर ही तपासणी दुप्पट काळजीनं करावी.